लिव्हर ट्रान्सप्लांटच्या लिस्टवर नाव लागलं, आता घरी रोज काय काय बघायचं

डॉक्टर म्हणाले आता औषधांनी भागणार नाही, ट्रान्सप्लांटच करावं लागेल, मग ढीगभर टेस्ट झाल्या, मीटिंगा झाल्या, लिस्टवर नाव लागलं आणि मग सांगितलं की घरी जा, फोन येईल. इथून पुढे बहुतेक घरांत गोंधळ सुरू होतो. फोन कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही, कोणाला आठवड्यात येतो, कोणाचं वर्ष निघून जातं, आणि तोपर्यंत पेशंट तुमच्याच हातात असतो. माझ्या भावाचं वेटिंग मीच सांभाळलं, त्यात जे शिकले आणि डॉक्टर-नर्स-डाएटिशियन यांच्याकडून जे खोदून खोदून विचारून घेतलं ते इथे नवीन लोकांसाठी लिहितेय. आकडे दिलेत ते साधारण सगळीकडे वापरतात ते आहेत, तुमच्या टीमने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. या काळात आपण लिव्हर बरं करत नसतो. फोन येईल त्या दिवशी माणूस ऑपरेशन झेपेल अशा अवस्थेत असला पाहिजे, अंगात ताकद हवी, किडनी चालू हवी, कुठलं इन्फेक्शन नको. खाली जे काही आहे ते सगळं त्यासाठीच.

पहिलं काम: स्कोअर म्हणजे काय ते समजून घ्या

बऱ्याच देशांत लिस्टवरचा नंबर मेल्ड स्कोअरवर ठरतो. तो ६ ते ४० असतो आणि जास्त स्कोअर म्हणजे जास्त आजारी, म्हणजे नंबर पुढे. बिलिरुबिन (कावीळ किती ते), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते) आणि सोडियम या रक्ताच्या चार रिपोर्टवरून तो निघतो. नवीन मेल्ड ३.० मध्ये अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रोटीन) आणि पेशंट बाई आहे की पुरुष हेही धरतात, कारण बायकांचे स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी दिसायचं आणि त्या लिस्टमध्ये मागे राहायच्या. साधारण १५ च्या पुढे गेलं की ट्रान्सप्लांटचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असं धरतात.

लोक इथे एक विचित्र खेळ मनातल्या मनात खेळायला लागतात, स्कोअर वाढला की आनंद आणि कमी झाला की टेन्शन. मीही हे बघितलंय, वेटिंग रूममध्ये लोक एकमेकांना स्कोअर विचारतात परीक्षेचे मार्क विचारल्यासारखे. पण स्कोअर वाढला याचा अर्थ किडनी किंवा लिव्हर अजून खचलं एवढाच आहे. आणि पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम, खाज, थकवा यातलं काहीही स्कोअरमध्ये थेट मोजलं जात नाही, त्यामुळे १६ स्कोअर असलेला माणूससुद्धा पार गळून गेलेला असू शकतो. हे सगळं प्रत्येक व्हिजिटला तोंडाने सांगायला लागतं, रिपोर्टवरून त्यांना कळेल असं समजू नका. रक्ताच्या टेस्टच्या तारखा चुकवू नका, जुन्या रिपोर्टवर स्कोअर धरत नाहीत. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ असेल तर हिशोब वेगळा असतो, एक गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत, ही मर्यादा १९९६ पासून मिलान क्रायटेरिया म्हणून वापरतात आणि त्यात बसणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी जादा पॉइंट मिळतात. कॅन्सर नसला तरी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी होते ती याच्यासाठीच, ती टाळू नका.

दुसरं: एक वही करा

ॲप वगैरे नको, वहीच बरी, कारण ती घरातल्या कोणालाही उघडून बघता येते आणि इमर्जन्सीत हॉस्पिटलमध्ये पुढे करता येते. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचं. त्याच्यापुढे बीपी, ताप, कालच्या दिवसात संडास किती वेळा झाली, रात्री झोप कशी लागली, कुठली औषधं घेतली कुठली राहिली. पहिल्या पानावर ब्लड ग्रुप, सगळ्या औषधांची नावं डोससकट, ॲलर्जी, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर. बस, दोन मिनिटांचं काम आहे.

पोटातलं पाणी आणि मीठ

लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून नीट जात नाही, त्या शिरांमधलं प्रेशर वाढतं, त्यात किडनी मीठ धरून ठेवायला लागते आणि मिठाबरोबर पाणी. म्हणून मीठ कमी करायला सांगतात, पाणी नाही, ही गोष्ट भरपूर लोक उलटी करतात. पाणी मोजून प्यायला सांगतात ते रक्तातलं सोडियम फार खाली, साधारण १२५ च्या खाली गेलं तरच. उगाच तहान मारून किडनीला त्रास देऊ नका.

दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळंच आलं. वरून घेतलेलं मीठ बंद करणं सोपं आहे, खरी गंमत पाकिटातल्या पदार्थांत, सॉसमध्ये, ब्रेडमध्ये, चीजमध्ये असते. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांत आणि ॲसिडिटीच्या काही पावडरींत पण भरपूर सोडियम असतं, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि "लो सोडियम मीठ" म्हणून जे मिळतं ते बिलकुल आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, पाणी उतरवायला जी स्पायरोनोलॅक्टोन देतात ती आधीच पोटॅशियम वाढवते, दोन्ही एकत्र झालं तर थेट हृदयावर बेततं. हां, पण मीठ इतकंही कमी करू नका की जेवणच जात नाही. अळणी म्हणून माणूस अर्धं ताट सोडून उठत असेल तर ते जास्त वाईट, मग डाएटिशियनशी बोलून थोडं सैल करा.

लघवीच्या गोळ्या चालू असताना वजन रोज अर्धा किलोपेक्षा जास्त उतरायला नको, पायाला सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. सपाट्याने उतरलं, चक्कर यायला लागली, लघवी कमी झाली तर फोन करा, आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका. उलट वजन दोन-तीन दिवस सलग चढत गेलं तरी फोन. पोट फारच तटतटलं तर सुई घालून पाणी काढतात, त्याला घाबरायचं काही नाही, माणसाला लगेच श्वास घ्यायला बरं वाटतं, फक्त ५ लिटरपेक्षा जास्त काढलं तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावं लागतं म्हणजे किडनीला धक्का बसत नाही.

आता महत्त्वाचं. या पाण्यात इन्फेक्शन होऊ शकतं आणि ते दरवेळी थंडीताप घेऊन येत नाही. पोट दुखतंय, किंवा नुसतंच माणूस एकदम मलूल झालाय, गोंधळलाय, उलटी होतेय, एवढंच असू शकतं. पोटात पाणी असलेल्या पेशंटला असं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. तिथे सुईने थोडं पाणी काढून तपासतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, २५० च्या वर निघाल्या की लगेच अँटिबायोटिक सुरू.

डोक्यावरचा परिणाम, इथे घरच्यांचं काम सगळ्यात जास्त

लिव्हर रक्त साफ करत नाही म्हणून अमोनिया आणि बाकीचा कचरा मेंदूपर्यंत पोचतो. याला एन्सेफॅलोपथी म्हणतात. पुस्तकातलं वर्णन वाचलं तर वाटतं माणूस बेशुद्ध होईल, बरळेल, पण सुरुवात तशी होतच नाही. सुरुवात होते ती झोप उलटीपालटी होण्यापासून, रात्री टक्क जागा आणि दिवसा पेंगतोय. मग चिडचिड, तोच प्रश्न परत परत, मेसेजमध्ये अक्षरं चुकणं, हात पुढे करून पंजे वर केले की ते फडफडल्यासारखे हलणं. पेशंटला स्वतःला यातलं काही कळत नाही आणि सांगितलं तर पटत नाही, म्हणून हे तुमचं काम.

आम्ही रोज सकाळी वहीत तारीख आणि सही भावाकडूनच करून घ्यायचो. एक दिवस सही बरोबर आली, पण तारीख लिहिताना महिन्यापाशी पेन अडकलं, तिथल्या तिथे गोल गोल फिरत राहिलं, आणि मी म्हटलं काय झालं रे, तर माझ्यावरच खेकसला की लिहिलंय की, दिसत नाही का तुला. नंतर कळलं की बाहेर कुठेतरी जायचं होतं म्हणून आदल्या दिवशी त्याने लॅक्ट्युलोजचे, म्हणजे संडास साफ करून अमोनिया बाहेर काढणाऱ्या औषधाचे डोस गपचूप टाळले होते. दोन दिवसांत जाग्यावर आला, पण त्या एका अक्षराने सांगितलं होतं जे ब्लड रिपोर्टने सांगितलं नसतं. सहीसारखीच अजून एक सोपी टेस्ट आहे, एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राण्यांची नावं सांगायची, रोज वीस-बावीस सांगणारा माणूस एक दिवस नऊवर अडकला की समजायचं.

लॅक्ट्युलोजबद्दल सांगायचं तर ते गोडमिट्ट असतं, गॅस होतो, पोट गुडगुडतं, सगळे पेशंट त्याला शिव्या घालतात आणि सगळ्यात जास्त तेच टाळतात. डोस बाटलीवर बघून ठरवायचा नसतो, संडास बघून ठरवायचा असतो, दिवसातून २ ते ३ वेळा मऊ व्हायला हवी. त्याच्यापेक्षा कमी झाली तर अमोनिया साठतो, आणि पाच-सहा पातळ जुलाब झाले तर अंगातलं पाणी जाऊन त्यानेच परत डोकं बिघडतं, त्यामुळे दोन्हीकडे लक्ष. डोस कधी वाढवायचा कधी कमी करायचा हे टीमकडून आधीच लिहून घ्या. वारंवार त्रास होत असेल तर सोबत रिफॅक्सिमिन नावाचं अँटिबायोटिक देतात.

त्रास वाढला की कारण शोधायचंच, ते बहुतेक वेळा सापडतं: बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव, जास्त लघवीच्या गोळ्या, किंवा कोणीतरी दिलेली झोपेची गोळी. झोपेच्या गोळ्या तर नकोच, "रात्री झोपत नाही हो" असं ऐकून कोणी नवीन डॉक्टर लिहून देतात, त्यांना आधी लिव्हरचं सांगा. आणि एकदा हा त्रास होऊन गेला की गाडी चालवणं बंद. यावरून घरात भांडण होतं, होऊ द्या, किल्ली तुमच्याकडे ठेवा. झोपेतून उठवूनही नीट जागा होत नसेल तर सरळ ॲम्ब्युलन्स.

खाणं: कमी नाही, जास्त

जुना सल्ला अजून फिरतोय की लिव्हर खराब असेल तर प्रोटीन बंद. विसरा तो. वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि वजन धरायचं ते पोटातलं पाणी वजा करून. याचं कारण स्नायू. स्नायू पण अमोनिया साफ करतात, स्नायू झडले की डोक्याचा त्रास वाढतो आणि ऑपरेशननंतर माणूस उभा राहायला वेळ लागतो. पोट पाण्याने फुगलेलं असतं म्हणून घरच्यांना वाटतं तब्येत बरी आहे, पण दंड आणि मांड्या बघा, तिथे खरं दिसतं.

आजारी लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे निरोगी माणसाच्या शरीरात दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर जे होतं ते यांच्या शरीरात एका रात्रीत होतं, शरीर स्वतःचे स्नायू मोडून इंधन काढायला लागतं. म्हणून जागेपणी ३-४ तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं नको, उठल्या उठल्या नाश्ता, आणि झोपायच्या आधी एक चांगलं भरपेट खाणं. हा रात्रीचा खाऊ औषधासारखाच पाळायचा. पोट लवकर भरतं ना, मग सहा वेळा थोडं थोडं द्या. टेस्टसाठी उपाशी राहायला सांगितलं तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, एवढा व्यायाम बास, जमेल तसा पण रोज. जड वजन उचलायचं नाही, बेंबीपाशी हर्निया असेल तर अजिबात नाही. दारू शून्य, आजार दारूने झालेला नसला तरी शून्य, आणि टीम रक्ताची टेस्ट करते त्यात काही आठवडे आधीची पण दिसते. सिगारेट, तंबाखू पण सोडा. कच्चे-अर्धकच्चे शिंपले आणि कालवं टाळा, त्यातले काही जंतू साध्या माणसाला पोट बिघडवतात पण यांच्या रक्तात पसरतात.

रक्तस्राव

मेन रस्ता बंद झाला की गाड्या गल्लीबोळातून घुसतात तसं लिव्हरमधून अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांतून जातं, त्या फुगतात आणि फुटू शकतात. म्हणून एंडोस्कोपी करून गरज असेल तर रबरी बँड लावतात, किंवा प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल देतात. ही औषधं बीपीची म्हणून देत नाहीत, त्यामुळे "बीपी नॉर्मल आहे मग कशाला" म्हणून बंद करू नका, फक्त वरचं बीपी ९० च्या खाली जायला लागलं तर डॉक्टरांना कळवा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी चिकट वास मारणारी संडास झाली की थेट इमर्जन्सी, फोनवर विचारत बसायचं नाही. लोहाच्या गोळीने पण संडास काळी होते पण ती चिकट नसते, तरी शंका आली तर जाऊन दाखवा.

औषधांचं

दुखलं-खुपलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी पूर्ण बंद, किडनी बसते आणि रक्तस्राव होतो. लोकांना उलटं वाटतं की पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट, पण नीट मोजून दिलं तर तेच त्यातल्या त्यात सुरक्षित, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, आणि सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉल असतं ते धरून. जडीबुटी, काढे, "लिव्हर टॉनिक", बॉडीबिल्डिंगच्या पावडरी हे काही नको. प्रत्येक नातेवाईक काहीतरी घेऊन येणार, प्रेमाने घ्या आणि कपाटात ठेवा. खाजेसाठी कोलेस्टायरामिन दिलं असेल तर ते बाकीच्या औषधांच्या वेळेपासून लांब, तीन-चार तासांच्या अंतराने, नाहीतर ती औषधं पोटातच अडकतात.

लसी या काळातच उरकून घ्या, हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोनिया. नंतर इम्युनिटी दाबणारी औषधं सुरू झाली की लसींचा असर कमी होतो आणि जिवंत जंतूंच्या लसी तर देतच नाहीत. दात पण दाखवून घ्या, किडका दात म्हणजे इन्फेक्शनचं घर, पण दात काढायच्या आधी डेंटिस्टला आयएनआर आणि प्लेटलेट दाखवा.

घरातलं कोणी लिव्हर देऊ शकतं का

हा विषय लवकर काढा, स्कोअर चढल्यावर नाही. मोठ्या माणसाला साधारण उजवा भाग लागतो, लिव्हरचा ६० टक्क्यांच्या आसपास, आणि देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत-महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं वाढतं. ब्लड ग्रुप जुळावा लागतो, लिव्हरवर चरबी नको. पण देणाऱ्याचं पण मोठं ऑपरेशन असतं आणि त्यात जिवाचा धोका थोडा का होईना असतो, त्यामुळे कोणावर दबाव नको. चांगल्या सेंटरमध्ये देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतात आणि तो नको म्हणाला तर घरच्यांना खरं कारण सांगत नाहीत. ही सोय आहे हे घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

फोनची तयारी

दोन-तीन नंबर देऊन ठेवा, अनोळखी नंबर पण उचला, रात्री फोन सायलेंट नको. गावाला जायचं असेल, ताप आला असेल, दुसरीकडे ॲडमिट केलं असेल तर कोऑर्डिनेटरला कळवा, इन्फेक्शन असेल तर नाव तात्पुरतं बाजूला ठेवतात आणि बरं झालं की परत चालू करतात, यात नाव जात नाही. एक पिशवी भरून ठेवा: वही, रिपोर्टची फाईल, ओळखपत्र, इन्शुरन्सचे कागद, चालू औषधं, चार्जर, आणि सोबत राहणाऱ्याचे कपडे, पेशंटचे फारसे लागत नाहीत. रात्री दोनला कोण गाडी चालवणार, मुलांपाशी कोण थांबणार हे आत्ताच ठरवा. फोन आला की खाणंपिणं बंद, शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते लिहा, आणि कुठली औषधं घ्यायची ते त्याच फोनवर विचारा.

आणि हे आधीच सांगून ठेवते, पहिल्या फोनला ऑपरेशन होईलच असं नाही. तुम्ही पोचता, रक्त घेतात, कपडे बदलतात, तास तास बसवतात आणि मग सांगतात की डोनरचं लिव्हर बघितलं, चरबी जास्त आहे, नाही लावता येणार. काही ठिकाणी एका लिव्हरसाठी दोन पेशंट बोलावून ठेवतात, तसंही होतं. अशा वेळी नंबर मागे जात नाही. परत येताना गाडीत कोणी काही बोलत नाही, चालायचंच. फक्त निघायच्या आधी तिथेच काहीतरी खाऊन घ्या, कारण तोपर्यंत बराच वेळ उपाशी झालेलं असतं, आणि थांबवलेली औषधं, मुख्य म्हणजे लॅक्ट्युलोज, कधीपासून परत सुरू करायची ते नर्सकडून वहीत लिहून घ्या.